रापणीचे वजन आणि बेरजेची रेघ

१.
मालवणच्या किनाऱ्यावर रापण लागते तेव्हा होडी जाळे घेऊन समुद्रात अर्धवर्तुळ काढते आणि जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर वाळूवर उभ्या असलेल्या माणसांच्या हाती येतात. ओढायला तीस-चाळीस जण लागतात, आणि मिळालेल्या मासळीत त्या सर्वांचा वाटा असतो. पर्ससीनची रीत वेगळी. यांत्रिक नौका माशांच्या थव्याभोवती जाळ्याची भिंत उभी करते आणि तळच्या कड्यांतून ओवलेली दोरी ओढून, बटव्याचे तोंड आवळावे तसे जाळे खालून बंद करते. दोन्ही जाळ्यांत बांगडाच सापडतो. तक्त्यात गेल्यावर दोन्हींचे केवळ वजन उरते.

२.
या वजनाची वर्षवार बेरीज करून संगणकावर रेघ काढली की ती ‘एकूण मत्स्योत्पादना’ची रेघ होते. ही रेघ वर चढत असताना रापणकराची पाटी रिकामी राहू शकते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. अशा रेघा काढण्यासाठी आज एक्सेल, टॅब्लो, पॉवर बीआय, क्लिक अशी अनेक सॉफ्टवेअरे बाजारात स्पर्धा करतात. त्यांची तुलना बहुधा किंमत, वेग आणि देखणेपणा यांवर होते. प्रत्येक साधन कोणत्या प्रश्नासाठी जन्माला आले आणि कोणता प्रश्न त्याच्या नजरेतून सुटतो, हे पाहायचे तर त्यांचा इतिहास पाहावा लागतो.

३.
व्यापाराचे आकडे चित्रात मांडण्याची सुरुवात १७८६ साली झाली. जेम्स वॉट याच्याकडे आरेखक म्हणून काम केलेल्या विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने त्या वर्षी लंडनमध्ये ‘कमर्शियल अँड पोलिटिकल अ‍ॅटलस’ प्रसिद्ध केला. नावात अ‍ॅटलस असले तरी त्यात नकाशे नव्हते, आलेख होते. आयातीची एक रेघ, निर्यातीची दुसरी, आणि दोहोंमधील जागा रंगवलेली. त्या रंगावरून व्यापारात शिल्लक पडली की तूट आली हे क्षणात कळे. आकड्यांच्या लांब रांगा वाचायला ज्यांना सवड नाही, अशा राज्यकर्त्यांसाठी आणि व्यापाऱ्यांसाठी हे साधन होते.

४.
त्याच पुस्तकात स्तंभालेख फक्त एक आहे: १७८०-८१ या एका वर्षातील स्कॉटलंडचा निरनिराळ्या देशांशी झालेला व्यापार. प्लेफेअरला तो आलेख फारसा आवडला नव्हता. स्कॉटलंडचे अनेक वर्षांचे आकडे हाती नव्हते, म्हणून काळाची रेघ काढता आली नाही आणि प्रत्येक देशासाठी एकेक पट्टी काढावी लागली. आज प्रत्येक कार्यालयात दिसणारा स्तंभालेख असा माहितीच्या कमतरतेतून निघाला. आकडे जसे गोळा झाले तसे चित्र निघते, ही गोष्ट या कलेच्या पहिल्याच पुस्तकात दिसते.

५.
मालवण १८१२ साली करवीर संस्थानाकडून इंग्रजांकडे गेले. पुढे १८८० मध्ये मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीवरील दहावा खंड निघाला. त्यात या किनाऱ्यावरील बंदरांची वर्णने आहेत आणि व्यापाराचे आकडे तक्त्यांत दिलेले आहेत. प्लेफेअरनंतर जवळजवळ शंभर वर्षे उलटून गेली होती, तरी प्रशासनाची खरी भाषा तक्ताच होती. त्याला कारणही होते. अमुक बंदरातून अमुक वर्षी काय गेले, हे अधिकाऱ्याला नेमके हवे असे. तक्ता डोळ्यांना रूक्ष वाटतो, पण लहान बंदरही त्यात आपली स्वतंत्र ओळ राखून असते.

६.
मासळीची गोष्ट आणखी अवघड. जकातीच्या मालाची नोंद नाक्यावर होते. मासळी मात्र शेकडो ठिकाणी, पहाटे, भर दुपारी, रात्री उतरते आणि तासाभरात विकली जाते. प्रत्येक होडीचे वजन करणे अशक्य. येथे एका मराठी संख्याशास्त्रज्ञाचे काम उपयोगी पडले. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकून आले आणि कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राचे काम पाहू लागले. थोडे मोजून सगळ्याचा अंदाज कसा बांधावा आणि त्या अंदाजात चूक किती असेल, हा त्यांचा विषय होता.

७.
पिकांच्या उत्पादनाचा अंदाज घेताना शेतातील एक लहान तुकडा कापून वजन करीत. तुकडा केवढा असावा, यावर सुखात्मे आणि प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्यात मतभेद झाले. तुकडा फार लहान घेतला तर काठावरची रोपे आत धरण्याकडे कल होतो आणि उत्पादन फुगते, असे सुखात्मे यांनी १९४६ च्या सुमारास दाखवून दिले. हा वाद आलेखाचा नव्हता. आलेख काढण्याची वेळ येण्यापूर्वीच तेथे चूक शिरत होती. पुढे कितीही सुबक रेघ काढली तरी काठावरची ती रोपे बेरजेत राहिलीच असती.

८.
१९५८ साली ‘बायोमेट्रिक्स’ या नियतकालिकात सुखात्मे, व्ही. जी. पानसे आणि के. व्ही. आर. शास्त्री यांचा भारतातील सागरी मासळीच्या नमुना-मोजणीवरील लेख प्रसिद्ध झाला. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था अशाच नमुना-पद्धतीने देशभरच्या किनाऱ्याचा अंदाज काढते. किनाऱ्याचे विभाग पाडतात. दिवस आणि मासळी उतरण्याचे ठिकाण यादृच्छिक पद्धतीने निवडतात. ठरलेल्या तासांत उतरलेल्या नौकांपैकी काहींची मासळी, जात आणि जाळ्याचा प्रकार नोंदवतात. त्यावरून महिन्याचा आणि वर्षाचा आकडा उभा राहतो. त्या आकड्याला अंदाजाची किनार असते. संगणकावरच्या रेघेला मात्र सहसा ती नसते. ती सुईच्या टोकाइतकी निश्चित दिसते.

९.
दुसरा धोका सीमांचा. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला आणि देवगड, मालवण, वेंगुर्ले हे किनारी तालुके, सुमारे १२१ किलोमीटरचा किनारा, नव्या जिल्ह्याकडे आला. आता ‘रत्नागिरी जिल्हा’ या नावाची १९७० पासून २००० पर्यंतची आकडेवारी कोणत्याही सॉफ्टवेअरला दिली तर फाळणीपूर्वीचा बिंदू आणि नंतरचा बिंदू ते सरळ रेघेने जोडून टाकेल. समुद्रात काहीही न घडता रेघ खाली येईल. जिल्हा मोडून दोन झाले हे सॉफ्टवेअरला कोणी सांगितल्याशिवाय ठाऊक नसते.

१०.
आता साधनांकडे. १९७९ मध्ये व्हिजिकॅल्क आले आणि हिशेबाची वही पडद्यावर आली. जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ निघाले. नावातील तीन आकडे तीन कामांचे होते: हिशेबपत्रक, आलेख आणि माहितीसाठा. १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर एक्सेल आले. त्याने आकडा आणि आलेख एकाच पानावर शेजारी बसवले. मच्छीमार संस्थेच्या कारकुनापासून मंत्रालयापर्यंत सर्वांना पेलणारे दुसरे साधन अजून झालेले नाही. त्याची उणीव त्याच्या सोयीतच आहे: निवडलेल्या चौकोनाबाहेर काय राहिले, याची खूण आलेखावर उमटत नाही.

११.
१९९० च्या दशकात प्रश्न बदलला. माहितीचे साठे इतके वाढले की काय विचारावे, हेच आधी ठाऊक नसे. मेरिलँड विद्यापीठात ख्रिस्टोफर आल्बर्ग आणि बेन श्नायडरमन यांनी चित्रपटांची यादी ठिपक्यांच्या रूपात मांडली आणि शेजारी सरकपट्ट्या दिल्या. पट्टी सरकवली की नको ते ठिपके तत्काळ नाहीसे होत. त्या विचारातून १९९६ मध्ये स्पॉटफायर ही कंपनी उभी राहिली. तोवर आलेख हे शेवटी छापायचे चित्र होते. आता चित्राला हात लावून पुढचा प्रश्न विचारता येऊ लागला.

१२.
स्वीडनमधील लुंड येथे १९९३ मध्ये सुरू झालेल्या क्लिकने आणखी वेगळी गोष्ट केली. एखादे नाव निवडले की ते हिरवे होते, त्याच्याशी संबंध असलेली नावे पांढरी राहतात आणि संबंध नसलेली करडी होतात. इतर साधने गाळलेले पडद्यावरून काढून टाकतात; क्लिक त्याला करड्या रंगात समोर ठेवते. ‘ऑक्टोबर’ निवडल्यावर ‘रापण’ करडी झाली, तर त्या महिन्यात रापणीची एकही नोंद नाही हे न विचारता कळते. नसलेल्या नोंदीकडे लक्ष वेधणे हे या साधनाचे खरे वैशिष्ट्य आहे.

१३.
टॅब्लोची मुळे विद्यापीठात आहेत. स्टॅनफर्डमध्ये ख्रिस स्टोल्टी आणि पॅट हॅनरहान यांनी पोलारिस नावाची प्रणाली केली आणि २००३ मध्ये ख्रिश्चन शाबो यांच्यासह कंपनी काढली. आलेखांनाही व्याकरण असते, हा विचार जाक बर्तां यांनी १९६७ मध्ये आणि लीलंड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये ग्रंथरूपाने मांडला होता. टॅब्लोने ते व्याकरण उचलून ठेवण्याच्या कृतीत उतरवले: माहितीचा स्तंभ उचलावा, आडव्या किंवा उभ्या कप्प्यात ठेवावा, चित्र तयार. विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोगांनी दाखवले होते की माणसाचा डोळा एका पट्टीवरील स्थान चांगले मोजतो, कोन आणि क्षेत्रफळ वाईट. अशा अभ्यासाची जाण असलेल्यांना टॅब्लो जवळचे वाटते.

१४.
मायक्रोसॉफ्टने एक्सेलमध्येच २०१० साली पॉवर पिव्हट जोडले आणि २४ जुलै २०१५ रोजी पॉवर बीआय सर्वांसाठी खुले केले. त्याचा भर चित्रापेक्षा तक्त्यांमधील नात्यांवर आहे. नौकांचा तक्ता, बंदरांचा तक्ता आणि रोजच्या नोंदींचा तक्ता एकदा जोडले आणि ‘दर माणशी मासळी’ हे सूत्र एकदा लिहिले की प्रत्येक आलेखात तेच सूत्र चालते. विभागागणिक व्याख्या बदलत नाही. टॅब्लोचा व्यावसायिक परवाना त्या काळी सुमारे दोन हजार डॉलरना मिळे. पॉवर बीआयने संगणकावरील आवृत्ती मोफत दिली आणि वाटपासाठी महिना दहा डॉलरच्या आत दर ठेवला. बाजाराचे पारडे त्या दराने फिरवले.

१५.
जून २०१९ च्या एका आठवड्यात या व्यवसायाचे मोल जगाला कळले. ६ जूनला गूगलने लुकर २.६ अब्ज डॉलरना घेत असल्याचे जाहीर केले आणि १० जूनला सेल्सफोर्सने टॅब्लोसाठी १५.७ अब्ज डॉलरचा व्यवहार जाहीर केला. स्पॉटफायर २००७ मध्येच टिबको या कंपनीकडे गेले होते. स्वतंत्र दुकाने मोठ्या पेढ्यांत मिसळली. त्यानंतर साधनाची निवड पुष्कळदा संस्थेने आधीच कोणाची ईमेल आणि कोणाचा माहितीसाठा घेतला आहे, यावर ठरू लागली.

१६.
इतके भेद असलेल्या या साधनांची एक सवय मात्र समान आहे. वजनाचा स्तंभ आलेखात टाकला की ती प्रथम बेरीज करून दाखवतात. कारखान्याच्या विक्रीसाठी ही सवय योग्य आहे, कारण सगळी विक्री शेवटी एकाच मालकाच्या खात्यात जाते. समुद्राचे तसे नाही. मालवणसमोरच्या पाण्याला एक मालक नाही. तेथे एकूण किती मासळी आली यापेक्षा ती कोणाच्या वाट्याला आली, हा प्रश्न अधिक जिव्हाळ्याचा असतो. आणि तो न विचारताच बेरीज समोर येते.

१७.
एक काल्पनिक हिशेब पाहावा. एका हंगामात रापणीला, ४० माणसांच्या श्रमाने, दर खेपेस ४०० किलो बांगडा मिळतो आणि २५ माणसांच्या पर्ससीन नौकेला ८,००० किलो. बेरीज ८,४०० किलो. काही वर्षांनी रापणीला २०० आणि पर्ससीनला ९,००० किलो मिळतात. बेरीज ९,२०० किलो. एकूण रेघ सुमारे साडेनऊ टक्के वर गेली. रापणीवर दर माणशी १० किलो होते तेथे ५ उरले. पर्ससीनवर ३२० होते तेथे ३६० झाले. तक्ता एकच आहे. तिसरी आकृती पाहिल्याशिवाय पहिली आकृती खोटी ठरते असे नाही, पण अपुरी राहते.

१८.
हाच तक्ता साधनांना दिला तर? एक्सेलमध्ये दोन्ही रेघा एकाच अक्षावर आल्या की ९,००० च्या पट्टीवर रापणीची रेघ तळाला चिकटते. निम्मी घट डोळ्यांना दिसतही नाही. टॅब्लोमध्ये जाळ्याचा प्रकार ओळींत ठेवला तर दोन स्वतंत्र चौकटी होतात, पण अक्ष तरीही सामाईक राहतो. प्रत्येक चौकटीला स्वतंत्र अक्ष द्यावा असे मुद्दाम सांगावे लागते. क्लिकमध्ये रापण निवडली की बाकीचे करडे होऊन घट समोर येते, मात्र निवडणारा हवा. पॉवर बीआयमध्ये ‘दर माणशी’ सूत्र उत्तम चालते, मात्र माणसांचा स्तंभ कोणी तरी भरलेला हवा.

१९.
या प्रश्नाचे उत्तर किनाऱ्याने आलेखाची वाट न पाहता मागितले. १९७० च्या दशकात गोव्याचे रामपणकर यांत्रिक मासेमारीविरुद्ध संघटित झाले. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. पुढे सिंधुदुर्गातील पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील संघर्ष वाढत गेला. डॉ. व्ही. एस. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले आणि हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर असा मर्यादित केला. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. या निर्णयांमागे ‘किती’ यापेक्षा ‘कशाने’ आणि ‘कोठे’ हे प्रश्न होते.

२०.
दुसऱ्या बाजूचेही ऐकले पाहिजे. पर्ससीन नौकेवर कर्ज असते, डिझेलचा खर्च असतो, खलाशांची घरे त्यावर चालतात. बांगडा आणि तारली हे मुळातच चढउताराचे मासे. पाण्याचे तापमान, पाऊस, अन्नाची उपलब्धता यांनुसार त्यांचे थवे वाढतात आणि आटतात. म्हणून एक रेघ वर आणि दुसरी खाली, एवढ्यावरून एकीने दुसरीला खाली ओढले असे सिद्ध होत नाही. दोन अक्षांवर दोन रेघा बसवून त्या हव्या तेथे एकमेकींना छेदतील असे करणे कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये दोन मिनिटांचे काम आहे. असे चित्र सभेत टाळ्या मिळवते. पुराव्याची जागा ते घेऊ शकत नाही.

२१.
नावांचा घोळ तर प्रत्येक साधनाला सारखाच नडतो. एका बंदरावर ‘सुरमई’ लिहिले, दुसऱ्यावर ‘इसवण’, तिसऱ्यावर इंग्रजी नाव रोमन लिपीत. संगणकाच्या लेखी हे तीन मासे झाले. शुद्धलेखनातील एका वेलांटीने चौथा मासा जन्माला येतो. आलेखात सुरमई घटलेली दिसते, प्रत्यक्षात ती तीन नावांत वाटली गेलेली असते. नोंदवहीच्या पहिल्या पानावर माशांच्या नावांची एकच ठरलेली यादी लावणे, हे काम कोणत्याही महागड्या परवान्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते.

२२.
सर्वांत मोठी पोकळी मात्र कोणत्याही पडद्यावर दिसत नाही. मासळीची आकडेवारी ती जेथे उतरते तेथील खात्यावर जमा होते, जेथे पकडली तेथील नव्हे. मालवणसमोरच्या पाण्यात पकडलेला मासा दुसऱ्या जिल्ह्यात किंवा परराज्यातील बंदरात उतरला, तर तो त्या बंदराच्या आकड्यांत जातो. परराज्यातील नौकांविषयी मालवणच्या मच्छीमारांची जी तक्रार आहे, तिची ओळ सिंधुदुर्गाच्या तक्त्यात असूच शकत नाही. क्लिकचा करडा रंगही येथे कामाचा नाही, कारण करडे होण्यासाठी आधी नोंद असावी लागते.

२३.
मग निवड कशी करावी? लहान संस्थेने एक्सेलमध्ये नोंदी नीट ठेवाव्यात: तारीख, पकडीचे ठिकाण, उतरण्याचे ठिकाण, जाळे, माणसे, जात, वजन, भाव. अनेक बंदरांचे तक्ते जोडून एकच व्याख्या राखायची असेल तर पॉवर बीआय सोयीचे. प्रश्न अजून ठरलेला नसेल आणि चित्रे उलटसुलट करून पाहायची असतील तर टॅब्लो. नोंदीतील खंड शोधायचे असतील तर क्लिक. टॅब्लोची २०१० पासून मिळणारी मोफत सार्वजनिक आवृत्ती वापरताना एवढे ध्यानात ठेवावे की त्यात प्रसिद्ध केलेले सर्वांसमोर जाते. मासळीची जागा उघड करणे कोणत्याही नाखव्याला परवडत नाही.

२४.
प्लेफेअरकडे स्कॉटलंडची एकाच वर्षाची माहिती होती, आणि ती कमतरता त्याने पुस्तकात लपवली नाही. सुखात्मे यांनी आकड्यांबरोबर चुकीची मर्यादाही मोजायला शिकवले. आजच्या साधनांमध्ये वेग, रंग आणि स्मरण यांची उणीव नाही. प्रत्येक आलेखाखाली काय मोजले नाही याची एक ओळ लिहिण्याची सोय त्या सर्वांत आहे आणि तिला पैसे पडत नाहीत. सिंधुदुर्गाच्या मासळीचा पुढचा आलेख कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये निघो; त्याखाली जाळ्याचा प्रकार, माणसांची संख्या आणि पकडीचे ठिकाण लिहिलेले असेल, तर वाळूवर दोर धरून उभ्या असलेल्या चाळीस जणांना त्या चित्रात आपली जागा सापडेल.